आतल्या रस्त्यांवरची आरपार वाहतूक बंद करण्याचा आराखडा : आपलं म्हणणं काय?

खिडकीपाशी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आपल्या भागातल्या आतल्या रस्त्यांवरून होणारी आरपार वाहतूक कमी करायचा आराखडा जाहीर झालाय. हरकती-सूचना द्यायला तीन आठवडे आहेत. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शाळेजवळच्या चौकात तिरपा अडथळा येणार, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत खांबांची रांग. सरळ जाता येणार नाही, वळावंच लागेल. उद्यानामागचा रस्ता मधोमध बंद होणार; चालणारे आणि सायकलवाले जातील, गाड्या नाहीत. आणि लांबलचक मधला रस्ता दोन तुकड्यांत, एकमेकांच्या उलट दिशेनं वन-वे. गाडी प्रत्येक दारापर्यंत जाईल. फक्त एका टोकानं शिरून दुसऱ्या टोकानं बाहेर पडता येणार नाही. सहा महिने तात्पुरत्या कुंड्या ठेवून बघायचं आणि मग कायमचं काय ते ठरवायचं.

माझं घर तळमजल्यावर, खिडकी थेट रस्त्यावर. समोरच्या बाजूला माझ्या सासूबाईंची मैत्रीण राहते. मधला रस्ता मोजून चौदा पावलांचा. सासूबाई काठी टेकत फाटकाशी येतात, एक पाय खाली टाकतात, गाडी येते, पाय मागे घेतात, पुन्हा टाकतात. हे मी खिडकीतून कितीदा बघितलंय. मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला आत शिरलेल्या गाड्या, त्यांना ब्रेक लावायला वेळ नसतो. महिन्याभरापासून सासूबाईंनी जाणंच सोडलंय. आता दोघी आपापल्या खिडकीत बसून, एकमेकींकडे बघत, फोनवर बोलतात.

माझा आराखड्याला मनापासून पाठिंबा आहे. तुमची मतं लिहा, विरोध असेल तरी लिहा.

चाफा

सहमत. आमच्याही रस्त्यावर हीच गत आहे.

मुख्य रस्त्यावरचा

माझा विरोध आहे, स्पष्टच सांगतो.

ताई, तुमच्या खिडकीसमोरून जाणाऱ्या गाड्या काही हवेत विरणार नाहीत, त्या माझ्या खिडकीखाली येणार. मी मुख्य रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीचं दार आम्ही दिवसा उघडत नाही. कठडा सकाळी पुसला तरी संध्याकाळी फडकं काळं निघतं. मुलगी अभ्यासाला आतल्या बोळकांडीत बसते, कारण घरात तेवढीच एक जागा आहे जिथे आवाज जरा कमी पोचतो. आराखड्याच्या नकाशात तुमचे रस्ते हिरवे रंगवलेत आणि आमचा लाल. त्या लाल रेघेवरही माणसं राहतात, आणि तुमच्यापेक्षा जास्त राहतात, कारण उंच इमारती आमच्याकडेच आहेत.

तुमच्या सासूबाईंबद्दल वाईट वाटलं. पण माझ्या आईनंही तीन वर्षांत एकटीनं रस्ता ओलांडलेला नाही.

कोपऱ्यावरचं घर

वरच्या प्रतिसादाला +१. कोणाच्या दारातली ब्याद उचलून कोणाच्या दारात टाकायची, एवढाच हा प्रश्न असेल तर मलाही हे पटत नाही.

नकाशावेडा

दादा, तुमची भीती खरी आहे. तिच्यावर थोडं सविस्तर लिहितो.

‘सगळ्या गाड्या मुख्य रस्त्यावर जातील’ हे आपण पाण्यासारखं धरून चालतो. इकडचा नळ बंद केला की तिकडच्याला जोर. वाहतूक तशी वागत नाही, कारण गाडीत बसलेला माणूस दर वेळी काहीतरी ठरवत असतो. केर्न्स, ॲटकिन्स आणि गुडविन या ब्रिटिश अभ्यासकांनी ११ देशांतली ७० हून जास्त उदाहरणं तपासली. त्यांचा निबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. रस्ता बंद केला किंवा गाड्यांची जागा कमी केली, तर आसपासच्या रस्त्यांसकट एकूण वाहतुकीचं काय होतं, हे त्यात पाहिलंय. सरासरी घट निघाली २२ टक्क्यांच्या आसपास. पण ती सरासरी काही टोकाच्या उदाहरणांमुळे फुगलेली आहे, म्हणून मध्यक बघायचा, म्हणजे सगळी उदाहरणं क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा. तो ११ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे तेवढी वाहतूक बंद केलेल्या रस्त्यावर नाही आणि शेजारच्या रस्त्यांवरही सापडली नाही. कोणी निघायची वेळ बदलली, कोणी दोन खेपांची कामं एका खेपेत उरकली, कोणी जवळचं अंतर चालायला लागलं, कोणी आधीच लांबच्या मोठ्या रस्त्याला लागलं.

अख्ख्या शहरांनी हे केलंय. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेननं १९७७ मध्ये मध्यवर्ती भागाचे चार तुकडे केले. एका तुकड्यातून दुसऱ्यात गाडीनं थेट जाता येत नाही, बाहेर येऊन वळसा घालावा लागतो. बेल्जियममधल्या गेंट शहरानं एप्रिल २०१७ मध्ये तेच केलं. तिथे सहा विभाग आहेत आणि विभागातून विभागात जायचं तर बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यानं. गाडीनं बहुतेक ठिकाणी पोचता येतं, पण शहर मधून ‘कापत’ जाणं बंद. आपला आराखडा याच जातीचा आहे, फक्त आकारानं लहान.

मुख्य रस्त्यावरचा

माहितीबद्दल आभार. पण मध्यक ११ म्हणजे निम्म्या ठिकाणी घट त्याहून कमी झाली, बरोबर? काही ठिकाणी अजिबात झाली नसेल, उलट वाढलीही असेल. आपण कुठल्या निम्म्यात पडणार हे कोण सांगणार?

नकाशावेडा

बरोबर आहे. तुमचा आक्षेप मला मान्य. काही ठिकाणी वाढही झालेली आहे. मोजल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही.

सोबती

मी या धाग्यावर लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझे वडील चाकाच्या खुर्चीत असतात. आठवड्यातून तीनदा त्यांना उपचारासाठी न्यावं लागतं. मी गाडी चालवते, ते शेजारी बसतात. आराखड्याप्रमाणे उद्यानामागचा रस्ता बंद झाला की आम्हाला उलट बाजूनं बाहेर पडून मुख्य रस्त्यानं वळसा घालावा लागेल. बाकीच्यांना पाच-सात मिनिटं म्हणजे काही नाही. उपचारानंतर परत येताना वडिलांची मान एका बाजूला कललेली असते, आणि मी एका हातानं त्यांचा खांदा धरून सिग्नलला थांबलेली असते. त्या पाच-सात मिनिटांचं वजन मला माहीत आहे.

तरी मी सरसकट विरोधात नाही, त्याचं कारण सांगते. आत्ता शॉर्टकटवाल्यांना आवरायला रस्त्यात गतिरोधक टाकलेत, आणि ते कसे टाकलेत ते तुम्ही पाहिलंय. डांबराचा नुसता ढिगारा. प्रत्येक गतिरोधकावर वडील ‘आई गं’ म्हणतात. मी कितीही हळू घेतली तरी म्हणतात. आता मी बोलून दाखवते, ‘आला हं बाबा’, मग ते डोळे मिटून घेतात. आमच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत असे सहा आहेत. वाहतूकच कमी झाली आणि हे उखडले, तर मी पाच मिनिटांचा वळसा आनंदानं घेईन. पण आराखड्यात गतिरोधक काढण्याबद्दल एक ओळ नाही. अपंग व्यक्तींच्या वाहनांना सवलत देण्याबद्दलही नाही.

खिडकीपाशी

सोबती, बरं झालं लिहिलंत. ‘प्रत्येक दारापर्यंत गाडी जाईल’ असं मी वर सहज लिहून गेले. किती फिरून जाईल, हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

निवृत्तकाका

आयुष्यभर रस्त्यांच्या आखणीचं काम केलं आहे, म्हणून थोडं लिहितो.

गतिरोधकाबद्दल सोबती यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. व्यवस्थित गतिरोधक म्हणजे ढिगारा नव्हे. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये प्रयोग करून एक आकार ठरवला गेला : गाडीच्या दिशेनं सुमारे ३.७ मीटर लांब, मधोमध साधारण १० सेंटिमीटर उंच, कमानीसारखा गोलसर. मर्यादेत चालवणाऱ्याला तो उचलून अलगद खाली ठेवतो. जोरात येणाऱ्यालाच दणका बसतो. आपल्याकडचे अर्धा-पाऊण मीटरचे उंचवटे हळू जाणाऱ्यालाही फोडून काढतात. उलट भरधाव दुचाकीवाला उभा राहून सहज पार होतो. शिवाय मोठ्या गाड्यांसाठी ‘गादी’ पद्धतीचे गतिरोधक असतात. ते रस्त्याच्या पूर्ण रुंदीचे नसतात, त्यामुळे चाकांमधलं अंतर जास्त असलेली अग्निशामक गाडी त्यांना दोन्ही चाकांच्या मधे घेऊन जाते. आणि आरपार वाहतूक खरोखर थांबली तर बहुतेक ठिकाणी त्यांची गरजच राहत नाही. सरळसोट, लांब रस्ता दिसला की पाय ॲक्सिलरेटरवर पडतो. रस्ता पुढे संपतोय हे दिसलं की आपोआप उचलला जातो.

रुग्णवाहिका आणि अग्निशामक दलाचा प्रश्न कोणी ना कोणी काढणारच, म्हणून आधीच सांगतो. लंडनच्या वॉल्थम फॉरेस्ट भागात असे अडथळे २०१५ पासून आहेत. तिथल्या अग्निशामक दलाच्या २०१२ ते २०२० च्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. घटनास्थळी पोचायला लागणारा वेळ वाढल्याचं आढळलं नाही. पण त्यावर विसंबून आपल्याकडे डोळे मिटून चालणार नाही. कुंड्या ठेवल्या की त्या हलवायला क्रेन लागते. मधले खांब किल्लीनं खाली पडणारे हवेत आणि किल्ली दलाकडे हवी. किंवा मग अडथळाच नको. कॅमेरा लावून नंबरप्लेट वाचायची आणि परवानगी असलेल्या गाड्या सोडायच्या. उद्यानामागच्या रस्त्याला कॅमेरा लावला तर सोबती यांच्या गाडीलाही सूट देता येते. खर्च जास्त आहे, पण हरकतीत हे जरूर लिहा.

आता एक अवघड गोष्ट. खांबांमधून चाकाची खुर्ची जायची तर पुरेशी रुंद फट ठेवावी लागते. तेवढ्या फटीतून मोटरसायकल आरामात जाते. फट लहान केली की खुर्ची, बाळाची गाडी, तीनचाकी सायकल, सगळेच अडकतात. खांबांच्या रचनेतून याला उत्तर नाही, हे मी खात्रीनं सांगतो. बरीच वर्षं शोधून पाहिलंय. दुचाकींसाठी तपासणी आणि दंडच लागेल. तो होणार नसेल तर दुचाक्या जाणारच, हे गृहीत धरून पाठिंबा किंवा विरोध ठरवा.

शेवटचं घर

इतकं सगळं कशाला? रहिवाशांना गाडीवर लावायला स्टिकर द्या, बाकीच्यांना गर्दीच्या वेळी बंदी. संपलं.

नकाशावेडा

हा प्रयोग झालाय. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लिओनिया या छोट्या गावातून न्यूयॉर्कच्या पुलाकडे जाणारे लोक मोबाइलवरच्या नकाशाचं ऐकून गल्ल्यागल्ल्यांतून घुसायचे. जानेवारी २०१८ मध्ये गावानं ६० च्या आसपास रस्ते सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बाहेरच्यांना बंद केले आणि रहिवाशांना गाडीत लावायला पिवळे बिल्ले दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयानं ते नियम रद्द ठरवले.

‘कोण’ जातंय यावर बंदी घातली की रस्ता सार्वजनिक आहे का, हा वाद उभा राहतो. ‘कुठून कुठे’ जाता येतं एवढंच बदललं तर नियम सगळ्यांना सारखा, रहिवाशालाही. म्हणून मला खांब जास्त न्याय्य वाटतात. सोबती यांच्यासारख्यांना सूट देणं वेगळं, ते गरजेवर आहे.

पाठीवर पेटी

मी इथे राहत नाही, पण दिवसातून वीसेक वेळा तुमच्या भागात येतो. घरपोच सामान पोचवतो. चालणार असेल तर लिहितो.

उद्यानामागचा रस्ता आम्हाला ॲप दाखवतं. आम्ही निवडत नाही. दाखवलेला रस्ता सोडला तर वेळ वाढते, वेळ वाढली की आकडे खाली जातात, आकडे खाली गेले की पुढचं काम उशिरा मिळतं. मी जोरात जातो हे मला कळतं. शाळेजवळच्या चौकात एक मूल एकदम समोर आलं होतं, मी पडलो, मूल वाचलं. गुडघ्याची खूण अजून आहे. त्यानंतर मी तिथून हळू जातो, पण मागून येणारा गाडीवाला हॉर्न वाजवतो.

रस्ता बंद असेल तर नकाशातही बंद दिसेल आणि वेळ त्याप्रमाणे धरला जाईल. आम्हाला तेच बरं. फक्त खांब लावायच्या दिवशीच नकाशात बदल झाला पाहिजे, नाहीतर पहिले पंधरा दिवस आम्ही सगळे त्या कुंड्यांपाशी येऊन उलटे फिरणार.

खिडकीपाशी

इथे नक्कीच चालेल. खरं तर तुमचा प्रतिसाद सगळ्यांनी वाचावा असं वाटतं.

चाफा

मला एका गोष्टीचा आधार वाटतो, म्हणून लिहिते. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या प्राध्यापकांनी १९६९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतले तीन रस्ते घेतले. घरं सारखी, वस्ती साधारण सारखी, फरक फक्त वाहतुकीचा : एकावर दिवसाला सुमारे २,०००, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,००० गाड्या. रहिवाशांना विचारलं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती? कमी वाहतुकीच्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन, जास्त वाहतुकीच्या रस्त्यावर एकाहूनही कमी. ‘तुमचं घर कुठपर्यंत?’ या प्रश्नावर शांत रस्त्यावरच्या लोकांनी नकाशात अख्खा रस्ता रंगवला, गर्दीच्या रस्त्यावरच्यांनी फक्त आपली इमारत. हेच ॲपलयार्ड १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीखाली गेले.

दोन खिडक्यांतून फोनवर बोलणाऱ्या त्या आजी वाचल्या आणि हे सगळं आठवलं.

मुख्य रस्त्यावरचा

चाफा, हा अभ्यास मला माहीत नव्हता. पण वाचून माझा विरोध पक्काच झाला. तिसरा रस्ता म्हणजे मी. माझ्या मजल्यावर चार घरं आहेत. एका शेजाऱ्याचं नाव मला पाटीवर वाचून माहीत आहे.

खिडकीपाशी

यावर मी रात्रभर विचार केला, आणि काल सकाळी एक काम केलं.

शेजारच्या मुलाला मधल्या रस्त्याच्या त्या टोकाला उभं केलं, मी या टोकाला. साडेआठ ते नऊ. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबरचे शेवटचे तीन आकडे आणि वेळ मी वहीत लिहिले. बाहेर जाणाऱ्यांचे त्यानं. मग जेवायच्या टेबलावर दोन्ही वह्या शेजारी ठेवून जुळवत बसलो. ज्या गाड्या दोन-तीन मिनिटांत पलीकडे निघाल्या त्यांना गोल केला. माझ्या पहिल्या पानावर सव्वीस नंबर होते, त्यातल्या एकोणीसांना गोल पडला.

मला वाटलं होतं याचा आनंद होईल, माझं म्हणणं खरं ठरलं म्हणून. झालं असं की त्या एकोणीस गोलांकडे बघताना मला तुमच्या गॅलरीचं बंद दार दिसायला लागलं. या एकोणीसांतल्या किती तुमच्याकडे येतील हे मला सांगता येत नाही. आणि आराखड्याच्या कागदांत मुख्य रस्त्याची मोजणीच नाही, मी काल पुन्हा उलटून पाहिले. फक्त आतल्या रस्त्यांची आहे. सहा महिन्यांनी ‘यशस्वी’ म्हणायचं ते कशावरून?

निवृत्तकाका

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. कुंड्या ठेवण्याआधी मुख्य रस्त्यावर मोजणी झाली नाही तर नंतर कितीही मोजा, तुलना करायला काही उरत नाही. पहिल्या आठवड्याचे आकडेही धरायचे नाहीत. लोक जुन्या सवयीनं येतात, अडकतात, कोंडी वाईट दिसते. दोन-तीन महिन्यांनी चित्र स्थिरावतं. नुसत्या गाड्या मोजूनही भागणार नाही. वेग, आवाज, हवा, आणि रस्ता ओलांडायला थांबावं लागणारा वेळ, हेही मोजायला हवं.

घाईचं उदाहरण द्यायचं तर लंडनमधलंच वाँड्सवर्थ. २०२० च्या उन्हाळ्यात महासाथीच्या काळात झपाट्यानं अडथळे लावले आणि सप्टेंबरमध्ये सगळे स्थगित केले. उलट कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये १९७५ साली लावलेल्या अडथळ्यांवर दोनदा मतदान झालं, दोन्ही वेळा लोकांनी ते ठेवले.

मुख्य रस्त्यावरच्यांना आत्ताच मागता येईल अशी एक गोष्ट : सिग्नलला चालणाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद आहे ते बघा. आमच्या आखणीत सेकंदाला १.२ मीटर चालण्याचा वेग धरायचे. काठी घेतलेला माणूस त्या वेगानं चालत नाही. बारा मीटरचा रस्ता त्या हिशेबानं दहा सेकंदांत ओलांडायचा, सेकंदाला ०.८ मीटर धरलं तर पंधरा सेकंद लागतात. पाच सेकंद वाढवायला खांब लागत नाही की डांबर लागत नाही.

मुख्य रस्त्यावरचा

आत्ता खाली जाऊन मोजून आलो. अकरा सेकंद. आणि रस्ता बारा मीटरपेक्षा रुंद आहे, सोळा तरी असेल.

सोबती

वडिलांना घेऊन तिथून मी कधीच एका हिरव्यात गेलेली नाही. मधल्या दुभाजकावर थांबतो. त्याला उतार नाही, त्यामुळे खुर्ची मागे कलती धरून उभी असते.

खिडकीपाशी

हरकतीचा मसुदा लिहिलाय. माझा पाठिंबा कायम आहे, पण आता तो अटींसह आहे.

कुंड्या ठेवण्याआधी मुख्य रस्त्यावर मोजणी, आणि ती तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात पुन्हा. मुख्य रस्त्यावर वाहतूक ठरलेल्या मर्यादेबाहेर वाढली तर आराखडा बदलायचा, आणि ती मर्यादा आधीच लिहून जाहीर करायची. उद्यानामागे कुंड्यांऐवजी कॅमेरा, अपंग व्यक्तींच्या गाड्यांना सूट. आतले ढिगारा-गतिरोधक उखडायचे. सिग्नलचे सेकंद आणि दुभाजकाचा उतार पहिल्या महिन्यात, खांबांच्या आधी. नकाशाच्या ॲपवाल्यांना तारीख आधी कळवायची.

शेवटच्या घरवाल्यांची स्टिकरची सूचना घेतली नाही, कारण वर लिहिलंच आहे. दुचाकींचं काय करायचं यावर मला उत्तर सुचलेलं नाही. काकांनी लिहिलंय तसं ‘नियमित तपासणी हवी’ एवढंच लिहिलंय. कोणाला जास्त चांगलं सुचलं तर सांगा.

मुख्य रस्त्यावरचा

मसुदा दोनदा वाचला. ती मर्यादा आधीच लिहून जाहीर होणार असेल तर मी सही करतो. नसेल तर माझी वेगळी हरकत जाईल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मोजणी ते कधी करतील याची वाट बघण्यात अर्थ नाही. आमच्या इमारतीतले तिघं तयार झालेत. त्यातला एक तोच शेजारी, काल पहिल्यांदा त्याची बेल वाजवली. गुरुवारी सकाळी साडेआठला सिग्नलपाशी या. तुमची वहीची पद्धत आम्हाला दाखवा. आणि शेजारच्या त्या मुलालाही आणा, आमच्या बाजूला चार टोकं आहेत.

पाठीवर पेटी

गुरुवारी नऊपर्यंत मला काम नसतं. एक टोक मी धरतो.